उत्तरा बावकर : दिल्लीत घडलेली नटी

उत्तरा बावकर म्हटलं की मराठी प्रेक्षकाला ‘दोघी’ किंवा ‘वास्तुपुरुष’मधली आई आठवते. या भूमिका त्यांनी पन्नाशी उलटल्यावर केल्या. नटी घडते ती त्याआधीची वर्षं दिल्लीत, हिंदी रंगभूमीवर गेली. आपल्याकडे त्यांची दखल फार उशिरा घेतली गेली.

राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून त्या १९६८ मध्ये बाहेर पडल्या. इब्राहिम अल्काझी तेव्हा विद्यालयाचे संचालक होते आणि त्यांच्या शिस्तीचा दरारा दिल्लीच्या मंडी हाउस परिसरात सर्वश्रुत होता. पुढे त्या विद्यालयाच्या रेपर्टरीत नट म्हणून दाखल झाल्या. मुंबई-पुण्यात एकाच नाटकाचे शेकडो प्रयोग लावून नट पोट भरायचा; रेपर्टरीत नटाला पगार होता आणि नाटकं सतत बदलत राहायची. बावकरांच्या वाट्याला आलेल्या भूमिकाच पाहा. ‘ऑथेल्लो’मधली डेस्डेमोना, गुजराती लोकपरंपरेतली ‘मेना गुर्जरी’, ‘मुख्यमंत्री’तली पद्मावती, ‘छोटे सैयद बडे सैयद’मधली नर्तकी आणि उमराव जान. गिरीश कार्नाडांच्या ‘तुघलक’मध्ये मनोहर सिंगांच्या सुलतानासमोर त्यांनी सावत्र आई उभी केली. राजकारणाचा वास असलेली ती थंड, धूर्त बाई आणि उमराव जान एकाच नटीने करावी, ही सोय आपल्या व्यावसायिक रंगभूमीने क्वचितच कुणाला दिली.

मराठीशी धागा तुटला होता असंही नाही. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ कुसुम कुमार यांच्या हिंदी अनुवादातून त्यांनी १९७८ मध्ये दिग्दर्शित केलं. १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

कॅमेऱ्याने त्यांना ओळखलं ते दूरदर्शनवरच्या ‘तमस’मुळे. गोविंद निहलानींच्या फाळणीवरच्या या १९८८च्या मालिकेत गुरुद्वारातल्या बायकांना विहिरीकडे घेऊन जाणारी जसबीर त्यांनी केली. प्रसंग किंचाळण्याचा होता, पण बावकर किंचाळल्या नाहीत, आणि म्हणूनच तो अंगावर येतो. याच कलाकृतीसाठी रेपर्टरीतल्या त्यांच्या सहकारी सुरेखा सिक्री यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी तो मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’साठी बावकरांकडे आला. पावसाळी संध्याकाळी घरातून निघून गेलेला प्राध्यापक श्रीराम लागूंनी केला होता, आणि मागे उरलेली पत्नी बावकरांनी. कोलकात्यातलं कुटुंब, भाषा हिंदी, नवरा-बायको मात्र दोघंही मराठी रक्ताचे! चिंता, चीड, अपमान आणि थोडा संशय हे सगळं त्या एकाच चेहऱ्यावर आळीपाळीने येत राहतं.

‘रुक्मावती की हवेली’त त्यांनी स्पॅनिश नाटककार लोर्काच्या बर्नार्डा आल्बाला राजस्थानी हवेलीत बसवलं. मुलींना कोंडून ठेवणारी ही आई त्यांच्या एरवीच्या आयांपेक्षा फारच वेगळी आहे. त्यानंतर ‘सरदारी बेगम’सारखे चित्रपट, ‘जस्सी जैसी कोई नहीं’सारख्या मालिका असं बरंच काही झालं, त्यातलं सगळंच त्यांच्या ताकदीला साजेसं नव्हतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकांनी मात्र त्यांना ‘दोघी’ (१९९५) पासून ‘संहिता’पर्यंत पुन्हा पुन्हा बोलावलं. ‘दोघी’तल्या आईला धड दुष्टही म्हणता येत नाही आणि धड बिचारीही. शहरात पाठवलेल्या थोरल्या मुलीच्या कमाईवर घर चालतं, आणि तिला घरात घेताना हीच आई अवघडते. पुढे ‘उत्तरायण’मध्ये दळवींच्याच कथाविश्वात त्या पुन्हा आल्या, या खेपेला मराठीत. एप्रिल २०२३ मध्ये त्या पुण्यात गेल्या, तेव्हा मराठी प्रेक्षकांपैकी कितीतरी जणांना त्यांची उमराव जान केवळ ऐकून ठाऊक होती.