टक्के कशाचे? तेलावरचं अवलंबित्व मोजताना

'भारताचं तेलावरचं अवलंबित्व कसं कमी करता येईल?' संशोधन प्रस्तावासाठी हा विषय घ्यावा असं अनेकांना वाटतं. विषय महत्त्वाचा आहेच. आपण वापरतो त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं, त्यामुळे आखातात जरा खुट्ट झालं की आपल्या आयातीचं गणित हलतं. पण एवढ्या मोठ्या प्रश्नावर थेट काम करता येत नाही. आधी त्याचे तुकडे करावे लागतात.

वाहतुकीच्या अभ्यासात त्यासाठी एक सोपी चौकट आहे. ली शिपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली आणि ती 'अ‍ॅसिफ' या नावाने ओळखली जाते. अ‍ॅक्टिव्हिटी, स्ट्रक्चर, इंटेन्सिटी, फ्युएल या चार शब्दांची ही आद्याक्षरं. आपल्या भाषेत चार प्रश्न: लोक किती अंतर फिरतात? कशाने फिरतात? त्या वाहनाला दर किलोमीटरला किती ऊर्जा लागते? आणि ती ऊर्जा कुठल्या इंधनातून येते? हे चार घटक एकमेकांशी गुणले जातात. म्हणून एक घटक कमी झाला आणि दुसरा वाढला, तर हाती काहीच लागत नाही.

एक उदाहरण करून बघू. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत. एक नोकरदार रोज १० किमी जातो, १० किमी येतो. वर्षाला ३०० दिवस, स्कूटर लिटरला ५० किमी देते. म्हणजे वर्षाला १२० लिटर पेट्रोल.

आता २० टक्के इथेनॉल मिसळू. पेट्रोल २० टक्क्यांनी कमी लागेल का? नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये साधारण २१. इंजिनाची कार्यक्षमता तेवढीच राहते असं धरलं, तर तेवढ्याच प्रवासाला सुमारे १२९ लिटर मिश्रण लागेल आणि त्यात पेट्रोल असेल १०३ लिटर. बचत १७ लिटर, म्हणजे १४ टक्के. '२० टक्के' हे आकारमानाचे टक्के होते, पेट्रोलच्या बचतीचे नव्हते.

पुढची पायरी बघा. भाडं परवडेना म्हणून हा माणूस जरा लांब राहायला गेला. अंतर १० किमीचं १२ किमी झालं. आता मिश्रण वापरूनसुद्धा त्याला वर्षाला सुमारे १२४ लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे सुरुवातीपेक्षाही जास्त! इथेनॉलने जे वाचवलं ते पसरत्या शहराने खाऊन टाकलं. उलट तो आठवड्याच्या सहा दिवसांपैकी दोन दिवस बसने गेला असता, तर मूळच्या १२० लिटरमधले ४० लिटर वाचले असते (बसच्या डिझेलचा त्याच्या वाट्याचा भाग वजा करायला विसरू नका). विजेची स्कूटर घेतली असती तर पेट्रोल शून्यावर आलं असतं. मात्र आपली बरीचशी वीज कोळशावर तयार होते. तेल कमी करणं आणि कार्बन कमी करणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रस्तावात ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

आता देशाच्या पातळीवर या. २०२४-२५ मध्ये भारतात सुमारे ४ कोटी टन पेट्रोल आणि ९ कोटी टन डिझेल खपलं. सगळ्या पेट्रोलियम पदार्थांच्या खपात पेट्रोलचा वाटा ढोबळमानाने सहावा हिस्सा. त्या सहाव्या हिश्श्याचे १४ टक्के म्हणजे एकूण खपाचे दोन-अडीच टक्के. इथेनॉल निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. पण छेदात काय घेतलं आहे ते न सांगता 'एवढे टक्के बचत' म्हणणं संशोधनात चालत नाही.

मग नेमकं कुठे बघायचं? पीपीएसी या सरकारी कक्षासाठी झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के दुचाकींमध्ये जातं असं दिसलं. आकडा जुना आहे, पण दिशा स्पष्ट आहे. रोजच्या प्रवासातलं पेट्रोल म्हणजे मुख्यतः दुचाकी. आणि लोक दुचाकी का घेतात, याचं उत्तर बऱ्याचदा बसथांब्यावर मिळतं. मुंबईचं उदाहरण घ्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बॉम्बे व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली. आज लोकलने जाणारा माणूस इंधनाचा विचारही न करता तेलाशिवाय प्रवास करतो. ही 'स्ट्रक्चर'मधली बचत.

म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी एक सराव करा. तुमच्या शहरातला एखादा रोजचा रस्ता निवडा, चार प्रश्नांची उत्तरं आकड्यांत लिहा आणि प्रत्येक आकडा १० टक्क्यांनी हलवून बघा. त्या प्रत्येक बदलाला काय करावं लागेल, किती खर्च येईल आणि तो कोण करेल, हेही समोर लिहा. ज्या रकान्यात तुम्ही अडाल, तिथेच बहुतेक तुमचा संशोधनाचा प्रश्न सापडेल.