पोलीस दलातील कंपूबाजी आणि तक्रारीचा मार्ग

मराठी भाषेत समूहवाचक शब्दांची वाण नाही. परंतु त्या शब्दांस येणारा मान किंवा अवमान समूहाच्या कृत्यांवरूनच ठरतो. ‘कंपू’ हा शब्द याचे बोलके उदाहरण होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंद्यांच्या कवायती फौजेच्या तुकड्यांस ‘कंपू’ म्हणत. आज तोच शब्द स्वार्थासाठी एकवटलेल्या गटास लावला जातो. ‘टोळी’ची गोष्ट थोडी निराळी आहे. ऊसतोडणीच्या मजुरांची टोळी असते आणि दरोडेखोरांचीही असते. पोलिसांच्या कागदांत मात्र ती बहुधा दुसऱ्याच अर्थाने येते, आणि पोलिसांच्या स्वतःच्या समूहास तेथे ‘पथक’ म्हणतात. पथकाची टोळी केव्हा होते, हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाही.

मुंबईतील रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याच्या मृत्यूचे प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी त्यास वाशी येथून एका मित्रासह उचलण्यात आले आणि त्याच दिवशी वर्सोवा भागात तो चकमकीत ठार झाल्याची नोंद झाली. परंतु ही नोंद होण्यापूर्वीच त्याच्या वकील भावाने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे तारा धाडल्या होत्या. पथकाने लिहिलेल्या कागदांपेक्षा पथकाच्या हाती नसलेल्या त्या तारांनी पुढे अधिक काम केले. दंडाधिकाऱ्यांची चौकशी आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेले विशेष तपास पथक यांनंतर १२ जुलै २०१३ रोजी सत्र न्यायालयाने २१ जणांस जन्मठेप सुनावली. त्यांत १३ पोलीस होते. (त्यानंतर दोन-तीन दिवसांतच देशातील तारसेवाही बंद झाली.) ज्या मित्राची साक्ष निर्णायक ठरावयाची, तो २०११ साली साक्षीपूर्वीच बेपत्ता झाला व मृतावस्थेत सापडला. सत्र न्यायालयाने निर्दोष ठरविलेले अधिकारी प्रदीप शर्मा यांस १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील दाखल झाले. मृत्यूपासून या निकालापर्यंत सतरा वर्षांहून अधिक काळ लोटला.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, दोन किंवा अधिक व्यक्ती टोळी म्हणून, एकेकट्या वा मिळून, जे करतात त्याची व्याख्या केली आहे. म्हणजे गुन्हेगारांच्या बाबतीत समूह हा कायद्याचा विषय झाला. पोलिसांच्या शिस्तीचे १९५६ चे शिक्षा व अपील नियम मात्र एकेका कर्मचाऱ्याच्या कसुरीकडे पाहतात. रोग समूहाचा आणि औषध व्यक्तीचे, अशी ही स्थिती आहे.

मुंबईसारख्या महानगराबाहेर हा समूह अधिक घट्ट असण्यास एक साधे कारण आहे. महाराष्ट्रात पोलीस शिपायांची भरती जिल्हावार होते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशिमसारख्या सहा तालुक्यांच्या लहान जिल्ह्यात भरती झालेला शिपाई रिसोडहून मानोऱ्यास बदलला, तरी त्याचे सहकारी, त्याचा हजेरीमास्तर, त्याच्या मुलांच्या शाळेतले शेजारी बहुधा त्याच दलातले राहतात. सहकाऱ्याविरुद्ध साक्ष देणे म्हणजे उरलेली सगळी नोकरी त्या साक्षीसह काढणे होय. सर्व शिपाई गप्प राहतात ते भ्रष्ट असतात म्हणून, असे मानणे अन्यायाचे ठरेल. बदली ही शिक्षा म्हणून वापरली जाते. तिने कंपू फुटतो असे मानण्यास मात्र आधार थोडा. तो पुष्कळदा दोन ठाण्यांत पसरतो, इतकेच.

याकरिताच दलाबाहेरील तक्रारस्थानाचे महत्त्व आहे. प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला. जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावा, अशी त्याची योजना होती. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने कायद्यात प्राधिकरण आणले, पण जिल्ह्याऐवजी महसुली विभागाच्या पातळीवर. वाशिम जिल्हा अमरावती विभागात मोडतो. तेव्हा रिसोडच्या एखाद्या शेतमजुरास ठाण्यातील मारहाणीची तक्रार नेण्यासाठी सारा जिल्हा ओलांडून, कारंज्यापलीकडे, अमरावतीचा विचार करावा लागतो. आणि त्याच्यावर ज्यांनी हात उगारला ते मात्र त्याच्या गावापासून हाकेच्या अंतरावर असतात. शिवाय न्यायालयाने प्राधिकरणाच्या शिफारशी बंधनकारक मानल्या असता, राज्याच्या कायद्याने कारणे नोंदवून अहवाल नाकारण्याची मुभा शासनाकडे ठेवली आहे.

२ डिसेंबर २०२० च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात चित्रण करणारे कॅमेरे बसविण्यास व चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष, जपण्यास सांगितले. कॅमेऱ्यास बदलीची भीती नसते, हे खरे. परंतु त्याची कळ ठाण्यातच असते. २००६ मधील त्या तारांची प्रत ठाण्याबाहेर, तारघरात होती.