पृथ्वीचे चुंबकत्व आणि पनवेलची संस्था

जी शक्ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, परंतु जिचे कार्य मात्र अखंड चालू असते, तिचा शोध घ्यावयाचा कसा, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे वारंवार उभा राहिला आहे. विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत आहे, असे 1998 साली दोन निरनिराळ्या संशोधक-मंडळांना आढळून आले, आणि त्या वाढीमागील अज्ञात कारणास ‘कृष्ण ऊर्जा’ असे नाव पडले. तिचा माग काढण्यासाठी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना प्रांतात, तेथील सरकारच्या ऊर्जा खात्याच्या पैशाने, जे आकाशाचे मापन चालले आहे, त्यात सत्तरांहून अधिक संस्था गुंतल्या आहेत. इतक्या जणांच्या कामाचा मेळ बसविणे ही शास्त्राइतकीच व्यवस्थेचीही कसोटी होय. अशा व्यवस्थेचा जुना व पारखलेला नमुना पाहावयाचा, तर फार दूर जावयास नको. नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेत तो पाहावयास मिळतो. तेथील शक्ती मात्र निराळी, ती म्हणजे पृथ्वीचे चुंबकत्व.

होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. पण ती सुई क्षणभरही अगदी स्थिर नसते, हे थोड्यांच्या लक्षात येते. पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालींमुळे तिचे चुंबकत्व वर्षानुवर्षे हळूहळू बदलत असते. आणि सूर्याच्या प्रभावाने वातावरणाच्या वरच्या थरांत जे विद्युत्प्रवाह वाहतात, त्यांमुळे ते रोज, किंबहुना मिनिटामिनिटाला बदलते. आता एखाद्या गावी सुई थरथरली, तर ती जवळून गेलेल्या यंत्रामुळे की सूर्यावरील खळबळीमुळे, हे त्या एकट्या गावाने कसे सांगावे? शंभर ठिकाणच्या सुया त्याच मिनिटास थरथरल्या, तरच निवाडा होतो. म्हणून जर्मनीतील गाउस व वेबर या दोन पंडितांनी 1830 नंतरच्या दशकात निरनिराळ्या देशांतील वेधकर्त्यांचा संघ उभारला. ठरलेल्या दिवशी, सर्वांनी गटिंगेन शहराच्याच घड्याळाप्रमाणे, दर पाच मिनिटांनी वेध घ्यावयाचे, असा त्या संघाचा नियम होता.

याच जागृतीची लाट मुंबईस पोचली. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली स्थापिलेल्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय वेध नियमाने सुरू झाले. त्यांचा उपयोग काय, असे त्या काळी कोणी विचारले असते, तर समाधानकारक उत्तर देणे कठीण होते. 1859 च्या सप्टेंबर महिन्यात सूर्यावर प्रचंड स्फोट झाला, आणि दुसऱ्याच दिवशी कुलाब्याच्या उपकरणांत चुंबकत्वाचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी एकाएकी खाली गेला. वेधकर्त्याने डोळ्यांनी वाचलेले आकडे वहीत उतरवून ठेवले. पुढे 144 वर्षांनी, 2003 साली, पनवेलच्या संस्थेतील व परदेशांतील संशोधकांनी मिळून त्याच आकड्यांवरून त्या वादळाचा जोर ठरविला. आज जगभर त्या वादळाच्या चर्चेत कुलाब्याच्या वहीचा आधार घेतला जातो.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या प्रवाहाने सुया ढळणार, हे उघड होते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडील अलिबाग ही जागा निवडली, आणि सरकारने खर्च सोसला. तेथील इमारतीत लोखंड वापरले नाही. चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणून ती बांधली. आणि विशेष म्हणजे, 1904 ते 1906 अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग येथे एकाच वेळी वेध घेऊन जुन्या व नव्या मोजमापांचा सांधा जुळवून घेतला. ट्राम 1907 साली धावू लागली. पण 1841 पासूनची आकड्यांची साखळी तुटली नाही.

ही सारी परंपरा 1971 पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या हाती आली. तिचा खर्च केंद्र सरकारचे विज्ञान व तंत्रज्ञान खाते उचलते. अलिबाग, नागपूर, राजकोट, शिलाँग, तिरुनेलवेली अशा ठिकठिकाणच्या डझनभर वेधशाळा तिच्या देखरेखीखाली आहेत. ही ठिकाणे सहज निवडलेली नाहीत. तिरुनेलवेली चुंबकीय विषुववृत्तालगत असल्याने तेथे दुपारी सुई इतर ठिकाणांहून कितीतरी अधिक हलते. तिची अलिबागशी तुलना केली, म्हणजे आकाशातील विद्युत्प्रवाहाची ताकद कळते. एकटी तिरुनेलवेली किंवा एकटे अलिबाग हे सांगू शकत नाही. हैदराबादची वेधशाळा तर दुसऱ्याच सरकारी संस्थेची. तरी आकडे एकाच मापाने घेतलेले असल्यामुळे ते शेजारी मांडता येतात. सर्वांचे आकडे पनवेलीस येतात, तपासले जातात आणि देशोदेशींच्या अभ्यासकांना खुले होतात. 1957–58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षापासून अनेक राष्ट्रांनी ही देवघेव मान्य केली आहे.

एवढ्या खटाटोपाचे फळ सामान्य माणसास काय? 1989 च्या मार्चमध्ये असेच एक चुंबकीय वादळ उठले, आणि कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुमारे साठ लक्ष लोकांची वीज नऊ तास गेली. 1859 चे वादळ याहूनही जबर होते. आणि त्या काळी तारायंत्रावाचून बिघडण्यासारखे काही नव्हते. आज विजेच्या तारा, उपग्रह व विमानांचे संदेश हे सारे त्या वादळाच्या वाटेत उभे आहे. तसे वादळ पुन्हा केवढे येऊ शकेल, याचा अंदाज बांधावयाचा तर जुन्या वहीस शरण जावे लागते.

नवे उपकरण पैसे टाकून केव्हाही विकत घेता येते. परंतु न घेतलेला कालचा वेध कोणत्याही किमतीस मिळत नाही. म्हणून अशा कार्यास सरकारने पैसा द्यावा तो सलग द्यावा, मोजमाप सर्वत्र एक ठेवावे, आणि आकडे कोणा एका खात्याच्या कपाटात कोंडू नयेत. कृष्ण ऊर्जेच्या शोधासही हेच तीन नियम लागू पडतात. विजेची ट्राम येण्याआधी दोन सुयांचा सांधा जुळविण्यासाठी दोन वर्षे दिली गेली, तेव्हा त्यांचा उपयोग कोणास दिसत नव्हता. तो आज दिसतो.