पाळीत ‘जास्त’ जातं म्हणजे किती?

‘आमच्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं,’ असं म्हणून कित्येक बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. खरं तर हे वाक्यच डॉक्टरांना सांगण्यासारखं असतं, कारण रक्त नीट न गोठण्याचा दोष घराण्यात उतरू शकतो. पहिल्या पाळीपासूनच खूप रक्त जाणाऱ्या मुलींमध्ये तर या दोषाची तपासणी व्हायलाच हवी.

पुस्तकात ८० मिलिलिटरची मर्यादा दिलेली असते, पण घरी कोण मोजणार? त्यापेक्षा या खुणा बघाव्यात: तास-दोन तासांत पॅड भिजणं, रात्री बदलायला उठावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, पाळी सात दिवसांपुढे लांबणं. जिना चढताना धाप लागत असेल, तर रक्त कमी झालं असण्याची शक्यता मोठी.

कारणं पुष्कळ: गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी, थायरॉइड, तांबी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. वयात येताना आणि पाळी जायच्या सुमारास बीज वेळेवर सुटत नाही. त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि मग एकदम भळभळा जातं. मात्र पंचेचाळिशीनंतर ‘वयामुळेच असेल’ असं गृहीत धरू नये. सोनोग्राफी करावी, गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासून घ्यावा.

‘गर्भपिशवी काढून टाका’ हा पहिला सल्ला असू नये. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळात गाजला होता. ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या, हार्मोन सोडणारी तांबीसारखी साधनं, सोबत लोहाच्या गोळ्या, एवढ्यावर पुष्कळजणींचं भागतं.

तासाला एक पॅड भिजतंय आणि चक्करही येतेय, तर सकाळची वाट पाहू नका.