चालावं की धावावं?

"उद्यापासून पहाटे धावायला जायचंच!" हा निश्चय आपल्यापैकी किती जणींनी किती वेळा केला असेल! चार दिवस उत्साहात जातात. पाचव्या दिवशी गुडघा कुरकुरतो, सहाव्या दिवशी पाहुणे येतात आणि नवे बूट पलंगाखाली जातात ते जातातच. मग आपण मनाची समजूत घालतो, "दिवसभर घरात चालतेच की मी!"

खरं आहे, मैत्रिणींनो. केरवारे, जिन्याची चढउतार, बाजारहाट यातली कुठलीच हालचाल वाया जात नाही. पण छातीचे ठोके वाढून काही वेळ तसेच राहतील, असा वेग घरकामात क्वचितच येतो. त्यासाठी वेगळा वेळ काढायलाच हवा.

किती? जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलेलं प्रमाण असं : आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम, किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचे श्रम. म्हणजे झपझप चालणार असाल तर आठवड्यातून पाच दिवस निदान अर्धा अर्धा तास. धावणार असाल तर त्याच्या निम्मा वेळ पुरे. चालण्याचा वेग कसा ओळखायचा? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये! धावताना मात्र चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो.

तुम्ही म्हणाल, निम्म्या वेळात काम होत असेल तर धावलेलंच बरं. पण जरा थांबा. चालताना एक पाऊल नेहमी जमिनीवर असतं. धावताना क्षणभर दोन्ही पाय अधांतरी असतात आणि मग एका पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. वजन 60 किलो असेल तर पावलागणिक 120 ते 180 किलो! निरोगी गुडघे बेताच्या धावण्यानं झिजतात असं नाही. दुखणं येतं ते बहुधा सवय नसताना एकदम फार धावल्यानं. पण गुडघे आधीच दुखत असतील किंवा वजन बरंच वाढलं असेल, तर चालण्यानंच सुरुवात करा.

आणखी एक गोष्ट, जी आपण एकमेकींनाही सांगत नाही. बाळंतपणानंतर धावताना पुष्कळ जणींना लघवीचे थेंब जातात. यात लाजण्यासारखं काही नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात. ते व्यायामानं सुधारतात. डॉक्टरीणबाईंना मोकळेपणी विचारा. बाळंतपणानंतर निदान तीन महिने तरी धावू नका.

अमेरिकेत 1977 साली धावण्यावर पुस्तक लिहून गाजलेले जिम फिक्स 1984 साली धावायला गेले असताना हृदयविकारानं वारले. वय अवघं 52. त्यांच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या होत्या. धावणं वाईट, असा याचा अर्थ नव्हे; पण धावतो म्हणून सारं ठीकच असेल, असंही धरून चालू नये. रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकार असेल तर आधी तपासून घ्या. छातीत दडपल्यासारखं झालं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.

मग करावं काय? पहिला महिनाभर नुसतं झपझप चाला. अंगाला सवय झाली की हौस असेल तर एक मिनिट हळू धावा, दोन मिनिटं चाला. असं पाच-सहा वेळा. दुखलं तर पुन्हा चालण्यावर या, त्यात कमीपणा नाही. चपला नकोत, टाचेला मऊ आधार देणारे बूट घ्या. शिवाय आठवड्यातून दोन दिवस हात न टेकता खुर्चीवरून उठाबशा आणि भिंतीला हात टेकून जोर काढा. स्नायूंना त्याचीही गरज असते.

शेवटी दोहोंपैकी चांगलं ते, जे तुम्ही पुढच्या दिवाळीतही करत असाल. बहुतेकींच्या बाबतीत ते चालणंच ठरेल. अडचण असते ती पायांची नव्हे, त्या अर्ध्या तासाची. तेव्हा आज रात्रीच घरात सांगून टाका, "उद्या सकाळी साडेसहा ते सात मी घरात नाही. दूध तुम्ही तापवा." पहिल्या दिवशी दूध उतू जाईल. जाऊ द्या. दुसऱ्या दिवशीही तुम्ही बाहेर पडाच!