ग्राफिक्स कार्ड घेताना आधी जीबी विचारू नका

ऑफिसांनी काढून टाकलेले डेस्कटॉप आता स्वस्तात मिळतात. घरी आणल्यावर मुलांना त्यावर जीटीए ५ किंवा व्हॅलोरंट खेळायचं असतं. मग कोणीतरी दुकानात जाऊन म्हणतं, ‘चार जीबीचं कार्ड द्या.’ समोर जीटी ७३० येतं आणि मोजक्या बजेटमधले पैसे वाया जातात.

गैरसमज : जास्त जीबी म्हणजे जास्त ताकदीचं कार्ड.

जीबीवरून कार्डाच्या मेमरीत किती मावतं एवढंच कळतं, वेग कळत नाही. जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड. त्याच्या ६४-बिट डीडीआर३ प्रकारात मेमरीतून सेकंदाला जेमतेम १४ जीबी माहितीची ये-जा होते. २०१९ मध्ये आलेल्या जीटीएक्स १६५० मध्येही मेमरी ४ जीबीच, पण ती जीडीडीआर५ आणि १२८-बिट. तिथे हाच आकडा १२८ आहे. खोक्यावर दोन्हीकडे ‘४ जीबी’च छापलेलं असतं. नुसत्या नावावरही जाऊ नका. जीटी १०३० आधी जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड बाजारात आलं आणि मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ जीबीच्या आसपास घसरला. म्हणून दुकानात आधी मेमरीचा प्रकार विचारा, मग ती किती बिट आहे ते विचारा, जीबीचं नंतर पाहता येईल.

गैरसमज : एसएमपीएस ४५० वॅटचा आहे, कोणतंही कार्ड चालेल.

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कार्ड चालतं ते मुख्यतः १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर. कॅबिनेट उघडा आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, लेबल वाचा. +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे फक्त १९२ वॅट. वर मोठ्या अक्षरात ४५० छापलेलं असलं, तरी प्रोसेसर आणि कार्ड दोघांना या १९२ मध्येच भागवायचं आहे.

मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून जास्त लागलं तर एसएमपीएसमधून ६-पिन किंवा ८-पिनची वेगळी वायर लागते, आणि ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये ती बहुधा नसते. कन्व्हर्टर लावून ही गरज भागवू नका. हलक्या एसएमपीएसवर तारा तापतात, कनेक्टर वितळतात. अशा मशीनसाठी निव्वळ स्लॉटवर चालणारी कार्डं पाहा : ५३ वॅटचं आरएक्स ६४००, आरटीएक्स ३०५० चं ७० वॅटचं ६ जीबी मॉडेल, किंवा ६-पिन न लागणारं जीटीएक्स १६५०. डेस्कटॉप बुटका असेल तर लो-प्रोफाइल कार्डच बसतं. आतली जागा पट्टीने मोजून घ्या.

गैरसमज : नवं कार्ड जुन्या बोर्डावरही तेवढंच पळतं.

बसतं नक्की. पण आरएक्स ६४०० स्लॉटमधल्या माहितीच्या फक्त चार लेन वापरतं आणि त्याची रचना पीसीआय एक्सप्रेस ४.० स्लॉट धरून केलेली आहे. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या डेस्कटॉपवर फार तर ३.० मिळतं, म्हणजे वाट निम्मी किंवा त्याहूनही अरुंद होते. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळू लागतो. अशा बोर्डासाठी मी १६५० ची शिफारस करेन.

गैरसमज : गेम अडकतो म्हणजे कार्डच बदलायला हवं.

खर्च करण्याआधी एक चाचणी करा. गेमचं रिझोल्यूशन खाली आणा. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, तरीही वाढले नाहीत, तर अडचण प्रोसेसर किंवा रॅमची आहे. व्हॅलोरंटसारखा गेम प्रोसेसरवरच जास्त अवलंबून असतो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळत असाल, तर रॅमची एकच कांडी आहे का तेही पाहा. तिच्या जोडीची दुसरी कांडी टाकल्यावर मेमरीचा मार्ग दुप्पट रुंद होतो आणि कित्येकदा तेवढ्यावरच काम भागतं. नवं कार्ड बसवलंच, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डाला लावा. ही चूक फार जण करतात.

जुनं कार्ड घ्यायचं असेल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असो वा ओळखीतून, तर पैसे देण्याआधी ते मशीनवर चालवून जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकण्याचे प्रकार होतात आणि अशी बरीच बनावट कार्डं हे सॉफ्टवेअर ओळखतं. नावापुढे ‘फेक’ असं दिसलं, तर कार्ड तिथेच परत करा.