नवजात अर्भकाची कावीळ : वेळीच ओळख, वेळीच उपचार

घरात बाळ जन्माला आले की पाचवी पुजण्याची लगबग सुरू होते. नेमक्या याच सुमारास अनेक अर्भकांची त्वचा पिवळसर दिसू लागते. पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बालकांना पहिल्या आठवड्यात कमी-अधिक कावीळ होते. बहुतेकांची ती आपोआप ओसरते. थोड्या बालकांची मात्र वाढत जाऊन मेंदूला कायमची इजा करू शकते. या दोहोंतील फरक ओळखण्याची पहिली खूण म्हणजे कावीळ केव्हा दिसली, ही होय.

कावीळ का होते?

शरीरातील जुन्या तांबड्या रक्तपेशी फुटल्या की त्यांतून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. गर्भावस्थेत त्याचा निचरा वारेवाटे मातेच्या शरीरात होतो. जन्मानंतर हे काम बालकाच्या यकृतावर येऊन पडते. अर्भकाच्या रक्तात तांबड्या पेशी अधिक असतात व त्या लवकर फुटतात. यकृत मात्र अद्याप पुरेसे कार्यक्षम झालेले नसते. त्यामुळे हे द्रव्य रक्तात साचते. मोठ्या माणसांना दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीशी याचा संबंध नाही. मातेच्या खाण्यातील पिवळ्या पदार्थांनीही ही कावीळ होत नाही.

धोक्याच्या खुणा

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी व एक-दोन आठवड्यांत मावळणारी कावीळ सहसा निरुपद्रवी असते. परंतु जन्मानंतर पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ हा रोगच समजावा. माता व बालक यांचे रक्तगट न जुळणे हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. मातेचा रक्तगट आरएच निगेटिव्ह व बालकाचा पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत मातेला अँटी-डी इंजेक्शन दिले जाते. त्यामुळे पुढील बाळाला असणारा धोका टळतो. यासाठी गरोदरपणीच रक्तगट तपासणे अगत्याचे आहे.

तळहात व तळपाय पिवळे होणे, बाळ सुस्त पडणे, अंगावर न पिणे, किंचाळल्यासारखे रडणे, अंग ताठ वा धनुष्याकृती होणे, झटके येणे, यांपैकी काहीही आढळल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. बिलिरुबिन मेंदूत शिरले तर बहिरेपण व हालचालींतील विकृती जन्मभर राहतात. कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली, शौच पांढुरके वा लघवी गडद होऊ लागली, तर पित्तनलिकेचा विकार असू शकतो. त्याची शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या ६० दिवसांत झाल्यास अधिक लाभ होतो.

बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत व हळद लावलेल्या अंगावर कावीळ लक्षातच येत नाही. म्हणून बाळाला रोज उजेडात आणून पाहावे. कपाळावर व छातीवर बोटाने हलके दाबून सोडल्यास त्वचेचा खरा रंग कळतो. सावळ्या बाळाच्या डोळ्यांतील पांढरा भाग व हिरड्या पाहाव्यात. मात्र काविळीचे नेमके प्रमाण डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी तपासणीच हवी.

प्रकाशाचा उपचार

इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ मध्ये सिस्टर जीन वॉर्ड या परिचारिकेच्या ध्यानी आले की, उन्हात ठेवलेल्या बाळाच्या झाकलेल्या भागाचा पिवळेपणा तसाच राहतो व उघड्या भागाचा कमी होतो. त्यावरून डॉ. रिचर्ड क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून १९५८ मध्ये प्रकाशोपचाराची पद्धत प्रसिद्ध केली. विशिष्ट निळ्या प्रकाशाने बिलिरुबिनचे रूप पालटते व ते शरीराबाहेर टाकणे सोपे होते. या उपचारात बाळाचे डोळे झाकतात व स्तनपान चालूच ठेवतात. प्रमाण फारच वाढले तर रक्तबदल करावा लागतो.

मग घरीच ऊन दाखवले तर चालणार नाही काय? नाही. उन्हाची मात्रा मोजता येत नाही आणि बाळ तापण्याचा वा गारठण्याचा धोका राहतो. काविळीची माळ, मंत्र, डाग देणे यांत तर मोलाचे तास वाया जातात. डाग दिल्याने जखम होऊन जंतुसंसर्गही होतो. साखरेचे पाणी वा मध देऊ नये. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पाजावे; कारण दूध पोटात गेले की शौचावाटे बिलिरुबिन बाहेर पडते. डांबराच्या गोळ्या ठेवलेले कपडे बाळाला घालू नयेत. काही बालकांच्या तांबड्या पेशी त्याने झपाट्याने फुटतात.

गावाचा वाटा

आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देते. घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवशीही भेट द्यायची असते. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत आजारी नवजात बालकावर विनामूल्य उपचार होतात व तेथे नेण्या-आणण्याची सोयही विनामूल्य मिळते. ही माहिती घरोघरी पोहोचावी, आशाच्या भेटी वेळेवर व्हाव्यात आणि वाडी-वस्तीवर वाहन मिळावे, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष पुरवावे. शिक्षकांनी पालकसभेत हा विषय काढावा. पाचवीच्या पूजेला जमलेल्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी बाळाला एकदा उजेडात नीट न्याहाळले, तरी एखादे बाळ जन्माचे अपंगत्व येण्यापासून वाचेल.